भाकरी निघाली यशवंतपूरहून

एकोणीसशे सत्तावनच्या मे महिन्यात यशवंतपूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या दारात एक चपाती आली, आणि आठवडाभरात माझ्या सासूबाई अर्ध्या बेंगळुराला माहीत झाल्या. त्याआधी आमच्या गल्लीतसुद्धा त्यांना कुणी नावानं ओळखत नव्हतं.

त्यांचं नाव तानूबाई. मी त्यांना अत्ती म्हणायची. सासूला त्यांच्या गावाकडे असंच म्हणतात आणि आमच्या इथल्या कानडीतही जवळजवळ असंच. लग्नानंतर आम्हा दोघींचं भांडणाशिवाय एकमत झालं ते एवढ्यावरच. मी चामराजपेटेतली. आमचं घराणं शहाजीराजांच्या मागून इकडे आलं, असं वडील सांगायचे. तेव्हापासून आमची मराठी इथल्या पाण्यात मुरली आणि अर्धी कानडी होऊन बसली. अत्ती निपाणीजवळच्या खेड्यातल्या. सासरे गेले आणि त्यांना एकटं ठेवायला नको म्हणून यांनी, म्हणजे मल्लाप्पांनी (आता नाव घ्यायला हरकत नाही), त्यांना इकडे आणलं. हे यशवंतपूरच्या यार्डात शंटिंगच्या कामावर होते.

त्या आल्या आणि थोड्याच दिवसांत राज्यांची फेररचना झाली. निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आली. अत्ती कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बघ गं भाग्या. मी हिकडं आले, तर माझ्यामागनं गावबी आलं."

बाई अशी बोलकी, पण घराबाहेर तोंड उघडायची नाही. कारण नळावर झालेला एक प्रसंग. समोरची पुट्टम्मा घागर घेऊन आली तेव्हा अत्ती मोठ्या अगत्यानं म्हणाल्या, "बर्री, बर्री." म्हणजे 'या, या'. बेळगाव-हुबळीकडे असंच म्हणतात, इथं 'बन्नी' म्हणायचं. नळावरच्या सगळ्या बायका खो खो हसल्या. पुट्टम्मा एका फिटरची बायको, मनानं चांगली पण जिभेला हाड नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दारात उभं राहून "बर्री, बर्री" अशी नक्कल केली. अत्तींनी नळावर जाणंच सोडलं.

"दोन भाषा येत्यात मला," त्या म्हणाल्या. "मराठीला तुझ्या माहेरची हसत्यात आणि कानडीला ह्या."

तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात बसून असत. हुबळीकडून येणाऱ्या एखाद्या गार्डाकडून हे जोंधळे मागवायचे. ते दळून आणून देणं माझं काम, आणि भाकरी थापणं हा त्यांचा दिवसातला एकमेव आनंद.

आता चपातीकडे येते. माझ्या माहेरच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या बंगल्यात, गावच्या इतिहासाचं लहानसं संग्रहालय होतं. गंजलेल्या तलवारी, नाणी, जुने नकाशे, कुणाकुणाच्या पगड्या. तिथला व्यवस्थापक प्राणेश हा माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र. लहानपणापासून आमच्या घरी वाढलेला, त्यामुळे आमच्यासारखीच मराठी बोलायचा आणि मला अक्का म्हणायचा. उंच, किडकिडीत. बोलण्याच्या भरात चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो तसाच बोलत राहायचा.

सत्तावनच्या उठावाला त्या मे महिन्यात शंभर वर्षं होत होती. प्राणेशनं व्याख्यानं ठेवली, चित्रं मांडली. व्याख्यानाला मोजकी म्हातारी माणसं यायची आणि त्यातली काही झोपायची. तेव्हा त्यानं एक नवीच गोष्ट काढली. एप्रिलात मी माहेरी गेले होते, तर धावत आला.

"अक्का, उठावाच्या आधी उत्तरेत काय झालं ठाऊक आहे? गावोगाव चपात्या फिरल्या! एका गावचा चौकीदार दुसऱ्या गावच्या चौकीदाराला चपात्या नेऊन द्यायचा आणि सांगायचा, तूही कर आणि पुढच्या गावांना दे. का, ते कुणालाच ठाऊक नाही. देणाऱ्यालाही नाही, घेणाऱ्यालाही नाही. पण इंग्रजांची झोप उडाली."

"मग?"

"मग आपण इथे फिरवायची. येलहंक्याहून एक निघेल, ती तुझ्याकडे येईल. तू एक नवी कर आणि मल्लेश्वरात माझ्या मावशीकडे पोचव. मावशी पुढच्या घरी देईल. रविवारी शेवटची चपाती संग्रहालयात येईल, ती आपण काचेच्या पेटीत ठेवू. लोक बघायला येतील की नाही?"

"येतील की स्वल्प," मी म्हणाले. मला काही खरं वाटत नव्हतं. पण मुलगा एवढा नाचत होता, नाही कसं म्हणायचं?

सोमवारी सकाळच्या गाडीनं येलहंक्याच्या एक शाळामास्तरीणबाई आल्या. केळीच्या पानात गुंडाळलेली चपाती त्यांनी माझ्या हातात ठेवली, "संग्रहालयाची. पुढे जाऊ दे," एवढंच बोलल्या आणि हसत हसत परतीच्या गाडीसाठी पळाल्या. अत्ती आतून बघत होत्या.

"कोण गं ती? आणि एवढ्या लांबनं येऊन एकच चपाती देऊन गेली?"

मी त्यांना सगळं सांगितलं. शंभर वर्षांपूर्वीचे शिपाई, चौकीदार, रात्रीतून गावं ओलांडणाऱ्या चपात्या. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. लग्न झाल्यापासून मी त्यांना पाहत होते, पण डोळ्यांत असं काही चमकताना पाहिलं नव्हतं.

"आणि त्या चौकीदारानं एकच करून एकालाच दिली?"

"नाही. त्यानं पुष्कळ करून चार-पाच गावांना दिल्या."

"मग तुझा प्राणेश एकच का म्हणतोय?"

"त्याला वाटतं, इतकं पुरे."

"पुरे?" अत्तींनी पदर खोचला. "अशानं इंग्रज गेला असता व्हय? परात काढ."

"अत्ती, गव्हाचं पीठ थोडंच आहे..."

"गहू कशाला? गव्हाची पोळी आमच्याकडं सणाला. चपाती आली, भाकरी जाईल. जोंधळ्याचं पीठ काढ सगळं."

मग त्यांनी भाकऱ्या थापायला घेतल्या. परातीत भाकरी फिरायला लागली, थप थप थप असा आवाज गल्लीभर गेला. इथल्या बायकांना रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, वळायची सवय. हातावर फिरणारी, ताटाएवढी होणारी, तव्यावर टम्म फुगणारी भाकरी त्यांनी कुठे पाहिलेली! आधी खिडकीत एक डोकं दिसलं, मग तीन, मग दारच भरलं. अत्तींनी मान वर केली नाही. भाकरी उतरवायच्या, फडक्यात ठेवायच्या, पुढची घ्यायच्या.

गर्दीतून पुट्टम्मा पुढे आली. "अक्का, आज लग्न आहे का घरात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी एक गरम भाकरी उचलली, पुट्टम्माच्या पदरात टाकली आणि कानडीत, त्यांच्या त्या हुबळी वळणाच्या कानडीत, नळावरच्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच बोलल्या. चौकीदाराची गोष्ट. कोण कुठून आलं, कुणाला काही कळेना, साहेब कसा घाबरला. बायका सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसल्या. मग पदर खाली आले. "मग?" म्हणून एकीनं विचारलं. "मग तू घरी जा आणि कर," अत्ती म्हणाल्या. "आणि चार घरी दे. कुठून आली विचारलं तर सांग, मागून आली. कुठं जायची विचारलं तर सांग, रविवारी चामराजपेटेत."

पुट्टम्मा घरी गेली ती रागीच्या पिठाचं पातेलं घेऊनच परत आली. "आमच्यात ही भाकरी नसते. रागी रोट्टी चालेल का?"

"तोंडात जाईल ते चालेल," अत्ती म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत आमच्या क्वार्टर्समधलं एकही घर राहिलं नाही. मल्लेश्वराला ठरल्याप्रमाणे एक चपाती मीच पोचवली आणि प्राणेशच्या मावशीला या बाकीच्या गोंधळाबद्दल काहीच सांगितलं नाही. म्हटलं, गल्लीतली गोष्ट गल्लीत राहील.

कसली राहते! बुधवारी हे यार्डातून आले ते हातात भाकरी घेऊन.

"आई, हे बघ. तुमकूरहून आलेल्या मालगाडीच्या गार्डानं दिली. म्हणाला, मल्लाप्पा, चार कर आणि पुढे दे, रविवारी चामराजपेटेत काहीतरी आहे."

"तुमकूर?" मी ओरडलेच.

"आपल्याच गल्लीतल्या कुणीतरी गार्डाच्या डब्यात दिली असणार. ती तिथं जाऊन, पिल्लं घालून परत आली."

अत्तींनी ती भाकरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वास घेतला. तांदळाची होती. त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या. "मल्लू, अरे, माझी जोंधळ्याची गेली आणि तांदळाची होऊन आली! जाताना काळी, येताना गोरी!"

हे तीन-चार दिवस आमच्या घरात सण असल्यासारखे गेले. दाराला कडी लागत नव्हती. नळावर अत्ती आता स्वतः जाऊ लागल्या, कारण कुठली कुठपर्यंत पोचली याची बातमी नळावरच कळायची. बिन्नी मिलच्या कामगारांत पोचली. एका सासूनं सुनेला पहिल्यांदा शाबासकी दिली ती याच रोट्टीवरून. सगळ्या शहराच्या पोटात काहीतरी शिजत होतं आणि त्याचा विस्तव आमच्या चुलीतला होता.

पण पोटात शिजतं त्याबरोबर वाफही येते. त्याच वर्षी एप्रिलपासून नवे पैसे सुरू झाले होते. आणा आणि नवा पैसा यांचा मेळ घालताना भले भले गोंधळत होते. त्यात ही भाकरी, गोल, नाण्यासारखी, कुणी पाठवली ते ठाऊक नाही, आणि वर "रविवार"! शुक्रवारी यशवंतपूरच्या बाजारात कुणीतरी म्हणालं, भाकरी ही सरकारची खूण आहे, रविवारनंतर आणे चालणार नाहीत. दुसरा म्हणाला, रविवारनंतर कशाला, आजपासूनच बंद. दुपारपर्यंत दुकानदारांनी आणे घ्यायचं सोडलं. लोक आणे घेऊन या दुकानातून त्या दुकानात पळत होते. एका पीठवाल्याच्या काट्याची ओढाताण झाली. एक म्हातारी फुलवाली ओटीतले सगळे आणे रस्त्यावर ओतून रडत बसली होती.

आमच्या दारात सायकलवरून पोलीस आला. "भाकरीवाली तानूबाई कोण?"

हे कामावर. अत्ती आतून पिठाचे हात पुसत आल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण त्या पिठानं असेल.

"मी. काय झालं?"

"बाजारात चला. इन्स्पेक्टरसाहेब बोलावतात."

"अत्ती, मी प्राणेशला निरोप पाठवते, तो येईपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"भाकरी मी केली, का प्राणेशनं?" त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. "चल रे बाबा."

मीही निघाले. मागून धप धप पावलं ऐकू आली. पुट्टम्मा लाटणं हातात घेऊनच निघाली होती. ते कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बाजारात नुसता कालवा. इन्स्पेक्टर तरुण होता, घामानं भिजला होता. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "अम्मा, मी सकाळपासून घसा फोडतोय की आणे चालतात, अजून वर्ष-दोन वर्षं चालतील. कुणी ऐकत नाही. म्हणतात, मग भाकरी कशाची? तुम्हीच सांगा त्यांना."

"मी?" अत्ती म्हणाल्या.

"तुमचीच भाकरी ना?"

पुट्टम्मानं आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना रागीच्या पोत्यांवर चढवलं. त्या उभ्या राहिल्या. इतकी माणसं त्यांनी जत्रेतच पाहिली असतील, तीही खालून. त्यांनी घसा खाकरला आणि ओरडल्या, "केळ्री! स्वल्प केळ्री!"

म्हणजे 'ऐका हो, थोडं ऐका'. पण तो हुबळीकडचा हेल! मागून कुणीतरी टारगटानं तसाच हेल काढला, "केळ्री-ई-ई!" आणि सगळा बाजार हसला. नुकतीच काट्यासाठी मारामारी करणारी माणसंसुद्धा हसली.

मी अत्तींकडे पाहिलं. वाटलं, आता या उतरणार आणि पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत. त्या उतरल्या नाहीत. मग त्यांनी कमरेवर हात ठेवले, त्या टारगटाकडे बोट केलं आणि पहिल्यापेक्षा दुप्पट लांब हेल काढून म्हणाल्या, "केळ्री-ई-ई, तू बी केळ!"

असा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. हसता हसता लोक जवळ आले, आणि जवळ आलेली माणसं ऐकू लागली.

"भाकरी सरकारनं पाठवली न्हाई," अत्ती म्हणाल्या. "सरकारला भाकरी येत असती तर आणखी काय पाहिजे हुतं? भाकरी माझी हाय. जोंधळा माझ्या लेकानं आणलाय, चूल माझी हाय. शंभर वर्षांमागं लोकांनी अशाच फिरवल्या, त्यांची आठवण म्हणून फिरवल्या. शाप न्हाई, खूण न्हाई, कायदा न्हाई. पीठ आणि पाणी."

"मग आण्याचं काय?" कोणीतरी ओरडलं.

अत्तींनी कमरेची चंची सोडली, एक आणा काढला आणि समोरच्या रागीवाल्या शेट्टींपुढे धरला. "शेट्टी, काल तुमच्या घरात माझी भाकरी आली का न्हाई?"

शेट्टी ओशाळले. "आली."

"खाल्लीत?"

"खाल्ली. चटणीशी. चांगली होती."

"मग खाल्ल्या भाकरीला जागा आणि हा आणा घ्या."

लोक टाळ्या पिटू लागले. शेट्टींनी आणा घेऊन डोळ्याला लावला आणि गल्ल्यात टाकला. मग स्वतः उठून त्यांनी त्या फुलवालीला आणून आपल्या दुकानात बसवलं आणि तिचे आणे मोडून दिले. तासाभरात बाजार पूर्वीसारखा चालू झाला. पोत्यांवरून उतरताना अत्तींनी सगळ्यांना बजावलं, "आणि कुणाला अजून शंका आसंल, त्यानं रविवारी चामराजपेटेत यावं. स्वतःच्या डोळ्यांनी बघावं!"

हे आमंत्रण देताना त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. त्याच संध्याकाळी प्राणेश आला. चष्मा नाकाच्या टोकावर, केस विस्कटलेले.

"अक्का, हे काय झालं? संग्रहालयाच्या मंडळाचे लोक म्हणतात, कार्यक्रम रद्द कर. मी पन्नास खुर्च्या मागवल्या होत्या. आता म्हणे येलहंक्याहून बैलगाड्या येणार आहेत! जयनगरातून बायका येणार आहेत! मी कुठे बसवू?"

"खाली," अत्ती म्हणाल्या. "तू आधी बस. जेवलास का?"

त्यांनी त्याला भाकरी, झुणका आणि ठेचा वाढला. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं ताट सोडलं नाही. खाता खाता म्हणाला, "मला वाटलं होतं, एक चपाती येईल, ती काचेच्या पेटीत ठेवीन, खाली पाटी लावीन."

"पेटीत भाकरी? अरे, भाकरी काय मूर्ती हाय? वाळून खापरी हुईल."

"तेही खरंच." प्राणेश हसायला लागला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण रद्द करू का? तुम्ही सांगा."

उत्तर अत्तींनी दिलं नाही. दारात इन्स्पेक्टर उभा होता, घरी जाता जाता डोकावलेला. तोच म्हणाला, "रद्द केलंत तर उद्या मी बाजार कसा आवरू? लोक म्हणतील, बघा, काहीतरी होतंच म्हणून बंद केलं. भरवा. उघड्यावर भरवा. मी दोन शिपाई देतो." मग अत्तींकडे वळून म्हणाला, "आणि अम्मा, तुम्ही पुढे असलं पाहिजे."

रविवारी दुपारच्या गाडीला यशवंतपूर स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या अत्तींनी लग्नात नेसायचं जरीचं लुगडं नेसलं होतं आणि डोक्यावर भाकऱ्यांची टोपली. सिटी स्टेशनपासून आम्ही चालत निघालो. यार्डातल्या दोघांनी हलगी आणली होती. ती वाजायला लागली आणि रस्त्यानं जाणारी माणसं "काय आहे, काय आहे" करत मागे लागली. पुट्टम्मा सगळ्यांना ओरडून सांगत होती, "बर्री, बर्री!" हो, 'बर्री'च. आणि तिला कुणी हसलं की डोळे वटारायची.

संग्रहालयाच्या मागे मोठं मैदान होतं. तिथं पोचलो आणि मी थक्कच झाले. येलहंक्याच्या बैलगाड्या खरोखर आल्या होत्या. त्या पहिल्या शाळामास्तरीणबाई आपल्या मुलींची रांग घेऊन उभ्या होत्या. जयनगरातल्या नव्या घरांतून नव्या नवऱ्या आल्या होत्या, पितळी डब्यांत नाजूक चपात्या घेऊन. किल्ल्याजवळच्या मोहल्ल्यातून बुरख्यातल्या बायका जाड, खमंग रोट घेऊन आल्या होत्या. कॅन्टोन्मेंटातला एक बेकरीवाला बनपावांची पाटी घेऊन आला होता आणि सगळ्यांना विचारत होता, "माझं चालेल ना? फुगतं तर तेही!" रागीच्या, तांदळाच्या, रागीसारख्या दिसणाऱ्या पण रागीच्या नसलेल्या. त्या सगळ्या संग्रहालयाच्या पटांगणात पांढऱ्या चादरींवर मांडल्या, तर चादरी पुरेनात.

प्राणेश बोलायला उभा राहिला. कर्णा नव्हता, आवाज चौथ्या रांगेपलीकडे जाईना. तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनी त्याचं वाक्य मागच्यांना सांगायला सुरुवात केली. त्यांनी त्यांच्या मागच्यांना. कानडीतलं वाक्य मराठी होऊन, दखनी होऊन, तमिळ होऊन मैदानाच्या टोकाला पोचायचं. पुढची माणसं "हो!" म्हणायची आणि मग थोड्या वेळानं मागून "हो!" यायचं. प्राणेश एकेक वाक्य बोलून थांबायचा आणि ते मैदानभर जाताना ऐकायचा. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला माझ्या भावाबरोबर आमच्या घरी खेळणारा लहानपणीचा प्राणेश आठवला.

मग लोक संग्रहालयात शिरले. ज्यांनी कधी त्या दारातून आत डोकावलं नव्हतं ते गंजलेल्या तलवारीपुढे उभे राहिले, नकाशात आपलं गाव शोधू लागले. एक गाडीवान बराच वेळ घोड्याच्या जुन्या खोगिरापुढे उभा होता. तो फक्त म्हणाला, "घोडा मोठा असला पाहिजे," आणि हात जोडले.

अत्तींना चार शब्द बोलायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बोलणं बाजारात झालं." त्यांनी मैदानाच्या कडेला तीन विटांची चूल मांडली, परात घेतली आणि थापायला बसल्या. त्यांच्याभोवती जी रांग लागली ती दिवेलागणीपर्यंत हलली नाही. प्रत्येकाला गरम तुकडा. मोहल्ल्यातली एक म्हातारी त्यांच्या शेजारी बसून शिकायला लागली. तिची भाकरी तीनदा फाटली. चौथी टिकली तेव्हा दोघी एकमेकींच्या हातावर टाळी देऊन हसल्या. कुणाची भाषा कुणाला येत होती, देव जाणे.

अंधार पडता पडता हुबळी लाइनवरचा एक गार्ड शिट्टी गळ्यातच घेऊन धावत आला. त्याच्या हातात फडक्यात बांधलेली एक वाळून कडक झालेली भाकरी. "तानूबाई कोण? ही हुबळीवरून आली. हुबळीला बेळगावकडच्या गाडीतून आली, एवढंच कळलं. म्हणाले, पुढे दे. आता पुढे म्हणजे इथेच ना?"

अत्तींनी ती घेतली. कोर मोडली, तोंडात टाकली, डोळे मिटून चावत राहिल्या.

"आमच्याकडची हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या काळ्या रानातला जोंधळा हाय हा."

"आई, सगळा जोंधळा सारखाच लागतो," हे म्हणाले.

"तुला काय कळतंय? रेल्वेचं खाऊन जीभ लोखंडी झाली तुझी." त्यांनी उरलेली भाकरी पदरात बांधली आणि पदराच्या टोकानं डोळे पुसले. मग लगेच कुणीतरी पीठ संपलं म्हणून ओरडलं आणि त्या उठल्या.

त्या दिवसानंतर अत्तींना घरात बसलेलं मी फार कमी पाहिलं. संग्रहालयात दर वर्षी काही ना काही निघायचं. ऑगस्टमध्ये झेंड्याचा इतिहास, दसऱ्याला जुनी खेळणी. प्राणेश आधी अत्तींकडे यायचा, ठेचा खायचा, रडायचा आणि मग बेत सांगायचा. अत्ती त्याला दरवेळी एकच विचारायच्या, "ह्यात लोकांनी काय करायचं? का नुसतं बघायचं?" नुसतं बघायचं असलं तर त्या नापसंत करायच्या. 'चले जाव'ला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी आणि पुट्टम्मानं मिळून घराघरांतल्या म्हाताऱ्या बायका गोळा करून संग्रहालयात आणल्या. बेचाळीसमध्ये आपण काय काय लपवलं होतं ते त्या सांगत बसल्या, आणि व्याख्यानाला आलेले विद्वान उभे राहून ऐकत होते, कारण खुर्च्या बायकांनी घेतल्या होत्या. जोंधळा चांगला की रागी, हे त्या दोघींचं भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही.

तोवर आम्ही जयनगरला राहायला गेलो होतो. अत्तींचे केस पूर्ण पिकले होते, कानडी मात्र तशीच हुबळीची. उलट आमच्या गल्लीतली मुलंच 'बर्री' म्हणायला लागली होती.

एकदा शाळेच्या मुली संग्रहालय बघायला आल्या. प्राणेशनं त्यांना चपात्यांची गोष्ट सांगितली आणि कोपऱ्यात बसलेल्या अत्तींकडे बोट करून म्हणाला, "या आजींनी सत्तावनमध्ये भाकऱ्या फिरवल्या."

एका चिमुरडीनं डोळे विस्फारले. "अय्यो! आजी, तुम्ही शंभर वर्षांच्या आहात?"

अत्तींनी तिला जवळ ओढलं, तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधून दिली आणि म्हणाल्या, "जास्तच असंन गं. पण दात बघ, सगळे हायत."